आमिष गायब, गळ रिकामा: होळीनंतर मुंबईच्या किनाऱ्यावर हे का होतं आणि काय करायचं

थंडी ओसरून होळीच्या आसपास पाणी कोमट व्हायला लागलं की किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, एकच तक्रार सुरू होते. वर्सोवा असो, बँडस्टँड असो, मढ असो की गोराई, गळ टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत आमिष गायब. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओढून घ्यावा तर गळ स्वच्छ. पुन्हा कोळंबी लावा, पुन्हा तेच. पिशवीतली कोळंबी संपते आणि माणूस हात हलवत घरी जातो. पुढच्या वेळी तो गळाचा नंबर बदलतो, मग शिसं (गळ खाली नेणारं वजन) बदलतो, मग महागडी रील घेतो. तक्रार तशीच राहते आणि पुढच्या वर्षी चैत्रात परत येते.

माझं मत ठाम आहे: सामानाला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी रिकामा गळ नीट बघा. आमिष कोणी नेलं ते त्यावरून बहुतेक वेळा कळतं. मग तिथी बघा. या दोन गोष्टी केल्या तर निम्म्याहून जास्त वेळा काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी एक चाचणी

पहिली फेक मासा धरायला करायचीच नाही. आमिष लावा, नेहमीच्या ताकदीने फेका, शिसं तळाला टेकलं की लगेच गुंडाळून घ्या. गळ रिकामा आला तर आमिष कोणीही खाल्लेलं नाही, ते हवेतच सुटून पडलंय. सोललेली मऊ कोळंबी लांब फेकली की असं हमखास होतं. बोंबील लावणाऱ्यांचं तर दर वेळी होतं, कारण त्याच्या अंगात पाणीच जास्त, मांस गळाला धरून राहत नाही. बरेच जण तासभर रिकामा गळ पाण्यात ठेवून ‘आज मासाच नाही’ म्हणत बसलेले असतात. ही चाचणी एका मिनिटाची आहे, प्रत्येक वेळी करा.

चाचणीत आमिष टिकलं, पण पाच मिनिटांनी गेलं, तर मग चोर कोण ते बघायचं.

काठीच्या टोकाला काहीही हालचाल नाही, ओढताना क्षणभर जड लागलं आणि सुटलं, गळावर मांसाच्या दोऱ्या किंवा कोळंबीचं नुसतं टरफल उरलं, गळाजवळचा तंगूस खरखरीत झालाय, तर तो खेकडा. खडकाळ भागात, म्हणजे बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अलीकडे, पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. आमिष तळाला निपचित पडलं की चिंबोऱ्या चालत येतात. उपाय सोपा आहे. गळापासून चार बोटं अंतरावर तंगुसात फोमचा छोटा मणी ओवा, म्हणजे आमिष तळापासून वीतभर वर तरंगतं. शिवाय दर दोन-तीन मिनिटांनी हातभर ओढून घ्या. काठी खडकात खोचून गप्पा मारायला गेलात तर ती मेजवानी खेकड्यांचीच.

टकटक, टकटक अशी भराभर थरथर आणि मिनिटाभरात सगळं साफ, तर ते छोटे मासे: ढोमे, बोटभर शिंगाळे, वाळूत असाल तर मुडदुशी. त्यांच्या तोंडात तुमचा मोठा गळ मावतच नाही, ते कडेकडेने कुरतडतात. इथे दोन रस्ते आहेत. आठ-दहा नंबरचा बारीक गळ लावून मुडदुशीच धरायची (आणि ताजी मुडदुशी तळून खाल्ली असेल तर हा रस्ता कमी दर्जाचा नाही हे तुम्हाला ठाऊक आहे), किंवा आमिष इतकं चिवट करायचं की त्यांना सुटणार नाही. ते कसं, ते पुढे सांगतो.

आमिष अर्धं कापलेलं, कड सुरीने कापावी तशी सरळ, किंवा गळासकट तंगूसच कापलेला, तर दात असलेला कोणीतरी आहे. केंड (पोट फुगवणारा विषारी मासा) असू शकतो, अंधारात पट्टीसारखा लांब बगाही असू शकतो. केंड असेल तर तिथे झगडण्यात अर्थ नाही, पन्नास पावलं बाजूला सरका. तो गळाला लागून पोट फुगवून वर आलाच तर पक्कडीने सोडवून परत पाण्यात टाका. घरी न्यायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

आणि आमिष जसंच्या तसं, फक्त पांढरंफटक आणि वास गेलेलं आलं, तर त्याला कोणी तोंडच लावलेलं नाही. तेव्हा चूक जागेची किंवा वेळेची आहे. बहुतेकदा वेळेची.

तिथी आणि पाणी: खरी गडबड इथे आहे

मुंबईचा किनारा भरती-ओहोटीवर चालतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, इथलं पाणी चार मीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त वर-खाली होतं. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. मासा या हलत्या पाण्याबरोबर आत येतो आणि बाहेर जातो. पाणी थांबलं की रावस, जिताडा यांची हालचाल मंदावते, आणि तळाशी बसून खाणाऱ्या खेकडा-शिंगाळ्यांचं फावतं. ‘आमिष गायब’ची तक्रार मुख्यतः थांबलेल्या पाण्यातली आहे. आपले डोलकर बघा: त्यांची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, एका जागी बांधलेली असते, मासा जाळ्यात येतो तो पाण्याच्या ओढीने. ओढ नसेल तर जाळं पसरूनही उपयोग नसतो. किनाऱ्यावरच्या गळालाही हाच नियम लागू आहे, पण आपण मात्र रविवार बघून निघतो.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन: पूर्ण भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, सुकती (पूर्ण ओहोटी) सव्वानऊच्या सुमारास. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चला. पक्की वेळ हवी असेल तर मुंबईचं भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक आहेच. पण पाऊणपटीचा फायदा असा की कॅलेंडरावर नजर टाकली की महिनाभराचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

आता दुसरा हिशोब. सुकतीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे चार मीटरच्या उधाणात पहिल्या तासाला जेमतेम फूटभर पाणी चढतं आणि मधल्या दोन तासांत दोन मीटर. तुमचे कामाचे तास हे मधले. उतरतानाही तसंच.

या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की मुंबईबद्दल एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. इथे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी-मध्यरात्री येते, म्हणजे सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मावळताना नेमकी सुकती. पाणी लांब गेलेलं, खडक उघडे. अष्टमी-नवमीला उलट: सकाळ-संध्याकाळ भरती पूर्ण भरलेली, पण भांग असल्यामुळे ओढच नाही. माणसं मात्र हटकून सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहालाच येतात. म्हणजे महिन्यातल्या बऱ्याच दिवशी ती थांबलेल्या पाण्यात गळ टाकत असतात.

मग दिवस कुठले घ्यायचे? द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी. त्रयोदशीला पाऊणपटीने भरती पावणेदहाला, सुकती पहाटे साडेतीनला. मधले दोन तास साडेपाच ते साडेसात, म्हणजे ऐन उजाडताना पाणी जोरात चढतंय, आणि उधाण जवळ आल्यामुळे ओढही चांगली आहे. संध्याकाळीही तेच. खडकावरून आणि वाळूवरून गरवायला माझ्या मते महिन्यातले हे सगळ्यात चांगले दिवस, दोन्ही पक्षांत मिळून सहा. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे मनोरी, मार्वे, वर्सोव्याच्या बाजूला, चतुर्थी-पंचमी घ्या. तेव्हा पहाट आणि तिन्हीसांजेला पाणी जोरात उतरत असतं, खाडीतली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर ढकलली जाते आणि जिताडा तिची वाट अडवून उभा असतो.

सणांवरून लक्षात ठेवायचं तर रामनवमीला भांग, हनुमान जयंतीला उधाण. यात कधी बदल होत नाही, कारण एक नवमी आणि दुसरी पौर्णिमा. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात जास्त ओढतं. तेव्हा वाळूत शिसं टिकत नाही आणि पाणी गाळाने इतकं ढवळतं की नकली आमिषं, म्हणजे ल्युअर, फेकून उपयोग नसतो. ज्यांना ल्युअरच टाकायचे आहेत त्यांनी भांगाच्या पुढच्या-मागच्या दिवशी जावं, गाळ खाली बसलेला असतो. तेव्हा ओढ कमी असते, पण मासा निदान ल्युअर बघू तरी शकतो.

आणि वारा. फाल्गुन ते वैशाख सकाळी मतलई वारा असतो, मंद, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि उन्हाळा चढत जातो तसा त्याचा जोर वाढतो. तंगुसाला पोट येतं, काठीच्या टोकावर माशाची टकटक दिसत नाही आणि आमिष गेलेलं कळत नाही. म्हणून निवड असेल तर पहाटेची भरती संध्याकाळच्या भरतीपेक्षा सरस. संध्याकाळीच जमत असेल तर काठी उभी न ठेवता टोक पाण्याकडे खाली ठेवा, आणि तंगुसाऐवजी बारीक विणलेली ब्रेडेड दोरी वापरा. तिच्यावर वारा कमी धरतो आणि ती ताणत नसल्यामुळे हाताला हलकी टकटकही लागते.

टाकायचं कुठे

जुहू, अक्सा, गोराईच्या वाळूत लोक जमेल तितकं लांब फेकतात. गरज नसते. उधाणाच्या दिवशी सुकतीला एकदा नुसतं बघायला जा. वाळूचा बांध आणि किनारा यांच्यामध्ये लांबट खळगी दिसतील, त्यांत पाणी साचून राहिलेलं असतं. मागच्या एखाद्या इमारतीची किंवा माडाची खूण धरून ठेवा. भरती चढायला लागली की मासा याच खळग्यांतून काठाकाठाने येतो. रावसाच्या छातीखाली दोन्ही बाजूंना चार-चार धाग्यांसारखे तंतू असतात, गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपत खाणं शोधतो. त्यामुळे मुंबईचं गढूळ पाणी त्याला अडचणीचं नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यातही तो येतो. तुम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकत असता.

खडकावर प्रश्न वेगळा: गळ अडकतो. शिसं मुख्य तंगुसाला थेट बांधू नका. त्याच्या निम्म्या ताकदीच्या बारीक तंगुसाने बांधा, म्हणजे अडकलं तरी फक्त शिसं तुटेल, गळ आणि मासा हातात राहील. तुटलेला तंगूस मात्र जमेल तेवढा गोळा करून घरी आणा. २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली, तीही लोकांनी किनारा साफ केल्यानंतर. आपला हंगाम आणि त्यांचा हंगाम एकच आहे. वाळूत गुंतवळ टाकून जाणाऱ्याला हटकायला मी संकोच करत नाही, तुम्हीही करू नका.

आमिष चिवट कसं करायचं

उन्हात ठेवलेली कोळंबी तासाभरात पिठासारखी होते. ताजी कोळंबी किंवा मांदेली घ्या. कोळीणमावशींना गळासाठी हवी म्हणून सांगितलंत तर त्या नेमकी काय ते काढून देतात. कोळंबी सोला, डब्यात खडे मीठ आणि कोळंबी असे थर द्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी काढून टाका. मांस आटून रबरासारखं घट्ट होतं, वास मात्र जात नाही. किनाऱ्यावर बर्फाच्या डब्यातच ठेवा आणि लागेल तेवढंच बाहेर काढा.

त्याहून चिवट म्हणजे माकूळ (स्क्विड). बोटभर लांब, अर्धा बोट रुंद पट्टी कापा, एका टोकातून गळ दोनदा घाला, बाकीची लोंबू द्या. छोटे मासे कुरतडून थकतात पण ती सुटत नाही, आणि वाहत्या पाण्यात ती हलत राहते. छोट्या चोरांचा फारच त्रास असेल तेव्हा मी दुसरं काही लावत नाही.

कोळंबी लावायचीच असेल तर शिवणाचा बारीक दोरा किंवा बारीक रबरी धागा घेऊन सात-आठ वेढे द्या. गाठ मारायला नको, रबरी धागा स्वतःच धरून राहतो. फक्त गळाचं टोक उघडं ठेवा. आमिषात टोक पूर्ण बुडवलंत तर पुढची तक्रार तयार होते.

ओढ जोरात बसते, पण मासा लागत नाही

एक दणका, काठी वाकली, आणि पुन्हा सैल. हे बहुतेक वेळा मोठ्या माशाचं असतं आणि दोष गळाचा असतो: टोक आमिषात बुडालेलं, किंवा बोथट. खडकाला घासलेला गळ अंगठ्याच्या नखावर तिरका टेकवून बघा. घसरला तर तो बोथट आहे, कानस फिरवा किंवा बदला. रावसासाठी १/० ते ३/० नंबरचे गळ पुरतात. त्याहून मोठा गळ लावून मासा मोठा येत नाही.

आत वळलेल्या टोकाचे सर्कल गळ वापरत असाल तर झटका देऊ नका. ओढ बसली की शांतपणे रील फिरवत राहा, मासा वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात की तो गळ तोंडातून तसाच निसटतो, त्याची रचनाच तशी आहे. साध्या गळाची सवय असलेल्यांना हे अवघड जातं. पण यामुळे मासा गळ गिळत नाही आणि छोटा असेल तर जिवंत सोडता येतो. हातभर नसलेला जिताडा आणि रावस परत सोडावा असं मला मनापासून वाटतं. आणि खूप मोठा जिताडा लागला तरी विचार करा: हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठे जिताडे बहुतेक अंड्यांच्या माद्याच असतात.

जाताना

शिंगाळा लागणारच. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी आणि करवतीसारखा दातेरी असतो. हाताने धरू नका, फडक्यात दाबून पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कातडी भाजेल इतकं गरम नको. त्या उष्णतेने विषाचा जोर कमी होतो आणि ठणका उतरतो. मग डॉक्टरकडे जा, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते. पाकटाचा (स्टिंगरे) काटा लागला तरी पहिला उपाय हाच. वाळूत पाण्यात उतरताना पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट आवाजाने बाजूला होतो.

खडकावर जाताना मधल्या दोन तासांचा हिशोब विसरू नका. ज्या वाटेने कोरड्या पायाने आत गेलात ती वाट मधल्या तासांत छातीएवढ्या पाण्याखाली जाऊ शकते. परतीची वाट बुडायच्या आत निघायचं, मासा लागत असला तरी. कालवांची धार चप्पल कापते, म्हणून बंद बूट घाला. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर उतरू नका. शेवाळावरून पाय सटकला तर माणूस दोन दगडांच्या मधल्या फटीत जातो आणि तिथून त्याला बाहेर काढणं फार कठीण असतं.

हे सगळं करूनही, योग्य तिथीला, चालत्या पाण्यात, चिवट आमिष दोन-तीन भरत्यांना जसंच्या तसं परत येत असेल, तर ती जागा सोडा. नाल्याचं पाणी थेट समुद्रात येतं तिथे पाण्याला काळपट झाक आणि वास असतो, आणि सुकतीला तो पट्टा लांबवर पसरतो. भरतीला समुद्राचं पाणी आत येऊन तो मागे सरकतो, म्हणून अशा जागी गरवायचंच असेल तर भरतीच्या दुसऱ्या अर्ध्यात या, नाहीतर सरळ उत्तरेला, मनोरी-गोराईकडे वळा.